मुरूम, फुफाटा आणि वाफसा: सोलापुरात माउंटन बाइकचा टायर निवडताना

सोलापुरातून कुठल्याही रोडने सात-आठ किलोमीटर बाहेर पडा आणि डांबर सोडून कच्च्या वाटेला लागा. माळावर चढलात तर चाकाखाली मुरूम येतो, ओढ्याकडे किंवा नदीकडे उतरलात तर काळी माती. बार्शी रोडला नान्नजच्या बाजूचे माळ, तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या तलावाच्या आसपासची बरड रानं, ही मुरमाची. सीनाकाठची आणि मंगळवेढ्याकडची ज्वारीची रानं काळी. टायर घेताना आपण कंपनी बघतो, किंमत बघतो, नक्षी बघतो. आधी बघायला हवी ती ही माती, कारण कोरड्या सुट्या मुरमावर जो टायर उत्तम चालतो तोच ओल्या काळ्या मातीत दहा पावलांत निकामी होतो.

"पावसाळ्यासाठी कुठला टायर घेऊ?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझं उत्तर ऐकून लोक थोडे नाराज होतात. मुरमासाठी टायर निवडता येतो. काळ्या मातीसाठी दिवस निवडावा लागतो. हे असं का, तेच इथं नीट सांगतो.

मुरमावर चाक का घसरतं

आपल्याकडचा खडक बेसाल्ट, म्हणजे आपला नेहमीचा काळा दगड. ऊन-पावसात तो वर्षानुवर्षं झिजतो, फुटतो आणि त्याचा मुरूम होतो. माळावरच्या वाटेत खाली ठणठणीत कडक थर असतो आणि वर हरभऱ्याएवढे, शेंगदाण्याएवढे सुटे खडे. परातीत हरभरे पसरा, वर एक ताटली ठेवा आणि बोटाने हलकी ढकला. ताटली सर्रकन जाते. वळणावर तुमचं पुढचं चाक नेमकं तसं जातं.

म्हणजे मुरमावर टायरला दोन कामं करायची असतात. वरचे खडे बाजूला सारून खालच्या कडक थरापर्यंत पोचायचं आणि पोचल्यावर तो थर धरून ठेवायचा. त्यासाठी टायरवर रबरी ठोकळे असतात. सायकलवाले त्यांना नॉब म्हणतात. ठोकळे फार बुटके असले तर खड्यांवरच तरंगतात. फार उंच असले तर कडक थरावर टेकल्यावर लवतात, आणि वळणात सायकल पायाखाली हलल्यासारखी वाटते. मुरमाला मध्यम उंचीचे, रुंद बुडाचे, मध्ये खडे सरकायला जागा ठेवणारे ठोकळे लागतात.

उन्हाळ्यात यात तिसरी माती येते, ती म्हणजे फुफाटा. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर जाऊन जाऊन पाणंदीच्या चाकोरीत पिठासारखी धूळ साचते, कधी कधी चार-चार बोटं. फुफाट्याखाली कडक थर शोधत बसण्यात अर्थ नसतो. तिथं टायर रुंद हवा, म्हणजे तो रुतत नाही, आणि अंगावर वेग हवा. बाकी नक्षीचा फारसा फरक पडत नाही.

आधी हवा, मग टायर

टायरवर पैसे घालण्याआधी एक फुकटचं काम करून बघा: हवा कमी करा.

काही वर्षांपूर्वी मी एका दुकानात हवा भरून घेतली. त्या माणसाने अंगठ्याने टायर दाबला, "एकदम कडक केलीय, बिनधास्त जावा," म्हणाला. अर्ध्या तासाने माळावरच्या उतारावर, वेग काही फार नसताना, डाव्या वळणात पुढचं चाक निघून गेलं. कोपर सोलवटलं, खडे आत गेले. घरी येऊन मोजलं तर पुढच्या टायरमध्ये ५० पीएसआय हवा (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप). टायर नवा होता, नक्षी चांगली होती, आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

गणित साधं आहे. टायर जमिनीला जेवढ्या जागेत टेकतो ती जागा म्हणजे ढोबळमानाने चाकावरचं वजन भागिले आतल्या हवेचा दाब. माणूस ६५ किलोचा आणि सायकल १५ किलोची धरली तर एकूण ८० किलो. त्यातले ३२ किलोच्या आसपास पुढच्या चाकावर येतात. दाब ४० पीएसआय असेल तर पुढचा टायर जेमतेम ११ चौरस सेंटीमीटरवर उभा असतो. तोच २५ वर आणला की १८ चौरस सेंटीमीटर. टायर तोच, आणि जमिनीला धरणारी जागा दीडपटीहून जास्त. शिवाय मऊ टायर खड्यावरून उडत नाही, खडा पोटात घेऊन पुढे जातो, त्यामुळे चाक जमिनीवर टिकतं.

मग किती ठेवायची? ६५ ते ७० किलोच्या माणसाने ट्यूब असलेल्या २.१ किंवा २.२५ इंच रुंदीच्या टायरला पुढे २६-२८ आणि मागे ३०-३२ पासून सुरुवात करावी. ट्यूबलेस असेल तर पुढे २०-२२, मागे २३-२५. वजन जास्त असेल तर दोन-तीन आकडे वर. मागे नेहमी थोडी जास्त, कारण भार तिकडे जास्त असतो. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा बहुतेक वेळा कमाल मर्यादा असते. पुष्कळ ठिकाणी तोच योग्य समजून हवा भरतात. किमान आकडाही छापलेला असेल तर त्याच्या खाली मात्र जाऊ नका.

हवा फार कमी झाली तर ती स्वतःच सांगते. दगडावर रिम ठक्कन वाजते, वळणात टायर कुशीवर झोपल्यासारखा वाटतो, आणि ट्यूब असेल तर रिम आणि दगड यांच्यात चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. असं झालं की दोन पीएसआय वाढवा आणि तो आकडा लिहून ठेवा. हे सगळं अंगठ्याने कळत नाही. एक छोटं डिजिटल गेज घ्या. सायकलच्या सामानात माझ्या मते एवढी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

आपल्याकडे एक गोष्ट जास्तीची लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे ऊन. सकाळी २५ अंशांत २८ पीएसआय भरली आणि एप्रिलच्या दुपारी सायकल उन्हात उभी राहून टायर ५५ अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब ३२ च्या पुढे जातो. परतीच्या वाटेवर सायकल अचानक घसरायला लागली असं वाटतं त्याचं एक कारण हे. टायर सावलीत गार होऊ द्या, मग मोजा.

पुढचा टायर वेगळा, मागचा वेगळा

दुकानातून सायकल येते तेव्हा दोन्ही टायर बहुतेक सारखेच असतात. पण दोन चाकांचं काम सारखं नाही. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपूट हलवते आणि आपण सावरतो. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून एकाच टायरचे पैसे असतील तर चांगला टायर पुढे घाला. मागचा झिजला की पुढचा काढून मागे टाकायचा आणि नवा पुढे घालायचा. बरेच लोक नवा टायर मागे घालतात, कारण झिजलेला तोच असतो. त्याने जुना, कडा गोल झालेला टायर पुढेच राहतो.

पुढच्या टायरमध्ये काय बघायचं? दुकानात तो हातात घ्या आणि खांदे बघा, म्हणजे दोन्ही कडांना असलेले ठोकळे. सायकल वळणात कलते तेव्हा भार याच ठोकळ्यांवर येतो. ते एका रांगेत, चौकोनी कडांचे, बुडाशी जाड असावेत. अंगठ्याने आडवा जोर लावून बघा. सहज दुमडत असतील तर मुरमावरच्या वळणातही दुमडतील. मधल्या ठोकळ्यांची पुढची कड थोडी उतरती असेल तर टायर हलका पळतो, मागची कड सरळ उभी असेल तर ब्रेक लावताना जमीन धरतो. काही टायरांत मधले ठोकळे आणि खांदे यांच्यात एक मोकळा चर असतो. मॅक्सिस कंपनीचा मिनियन डीएचएफ हा त्यातला प्रसिद्ध टायर. अशा टायरवर अर्धवट कलून चालत नाही. सायकल नीट कलती केली की खांदा जमिनीत रुतून बसतो. बिचकत वळलात तर त्या चरावरच घसरता. नवशिक्याला मी चर नसलेला, मधून खांद्यापर्यंत सलग ठोकळे असलेला टायर सांगतो. श्वाल्बे कंपनीचा नॉबी निक त्या जातीचा.

मागचा टायर मधे बुटक्या, जवळजवळ बसवलेल्या ठोकळ्यांचा असला तरी चालतो. उलट बराच फायद्याचा, कारण माळ गाठायला आपल्याला निम्मं अंतर डांबरावरूनच जावं लागतं, आणि उंच ठोकळ्यांचा मागचा टायर डांबरावर दम काढतो. मॅक्सिस आयकॉन, कॉन्टिनेंटल रेस किंग हे असे पळणारे टायर. महागडी नावं घेतली म्हणून तेच घ्यायला हवेत असं नाही. नक्षी कशासाठी आहे हे कळलं की स्वस्तातला टायरही नीट निवडता येतो.

टायरच्या कडेवर बाण असतो. तो चाक फिरण्याची दिशा दाखवतो. टायर बसवून आणलात की घरी येऊन एकदा बाण बघा. उलटा बसवलेला टायर मी एकदा नाही, अनेकदा पाहिलाय.

कापड आणि रबर

टायर म्हणजे रबराचा नुसता गोल नव्हे. आत नायलॉनच्या दोऱ्यांचं कापड असतं आणि त्यावर रबर चढवलेलं असतं. टायरवर ६० टीपीआय, १२० टीपीआय असं लिहिलेलं असतं, ते एका इंचात किती दोरे आहेत त्याचं माप. चादरी आणि टॉवेलांच्या गावात हे समजावायला फार वेळ लागू नये. एका इंचात दोरे जास्त म्हणजे दोरा बारीक, कापड तलम आणि मऊ. दोरे कमी म्हणजे दोरा जाड, कापड राठ पण दणकट. एवढाच फरक की मागावरच्या कापडासारखं इथं उभं-आडवं विणलेलं नसतं. दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांवर उलट्या दिशेने टाकलेले असतात. १२० टीपीआयचा टायर खडबडीत जमिनीवर फार सुंदर चालतो, पण धारदार दगडाने त्याची कड लवकर फाटते. आपल्या मुरमात मी तरी मागच्या चाकाला ६० चाच टायर घालतो.

रबराचा मऊपणा मात्र ओल्यात महत्त्वाचा. मऊ रबर ओल्या दगडाला चिकटतं, पण लवकर झिजतं आणि डांबरावर जड चालतं. म्हणून चांगल्या टायरमध्ये मधे कडक आणि खांद्यांना मऊ अशी दोन प्रकारची रबरं वापरतात. श्वाल्बे हे रंगीत रेघेने दाखवते: लाल म्हणजे वेगवान, निळी मधली, केशरी मऊ, जांभळी सगळ्यात मऊ. सोलापूरला पुढे निळी पुरते.

आता पाणी पडल्यावर

ओलं म्हणजे एकच काहीतरी असं समजून लोक टायर घेतात आणि फसतात. ओला मुरूम ही तर मेजवानी आहे. पाऊस पडून गेला की पाणी झिरपतं, सुटे खडे खालच्या थरात बसतात, धूळ दबते आणि दोन-चार तासांत वाट अशी होते की उन्हाळ्यात जिथं चाक निसटायचं तिथं सायकल कितीही कलवा, हलत नाही. यासाठी वेगळा टायर लागत नाही, कोरड्या मुरमाचाच चालतो.

ओला दगड ही दुसरी गोष्ट. ओढ्यावरचे फरशी पूल, शेवाळ धरलेल्या शिळा. इथं उंच ठोकळे उलट घात करतात, कारण त्यांच्या टोकांची थोडीशीच जागा दगडाला टेकते. मऊ रबर, ठोकळ्यांवर बारीक चिरा आणि कमी हवा, हे तिथं उपयोगी. आणि शेवाळावर कुठलाच टायर पूर्ण भरवशाचा नाही, म्हणून ब्रेक न लावता, हँडल न वळवता सरळ निघून जायचं.

तिसरी काळी माती. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. तिचे कण पानांसारखे थरांचे. पाणी त्या थरांच्या मधे शिरतं आणि माती फुगते, चिकट होते. उन्हाळ्यात ती आकसते तेव्हा रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. परदेशात चिखलासाठी खास टायर मिळतात: अरुंद, उंच आणि दूर दूर ठोकळ्यांचे. अरुंद असल्याने ते चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जातात आणि ठोकळ्यांत अंतर असल्याने चाक फिरता फिरता चिखल झटकून टाकतात. मॅक्सिस शॉर्टी हा त्यातला. पण हा सगळा हिशोब पातळ चिखलाचा आहे. आपली काळी माती झटकली जात नाही, आणि खाली घट्ट थर लागेल तर तो हातभर खोल.

एका सप्टेंबरात मी सीनाकाठच्या पाणंदीत शिरलो होतो. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस याच महिन्यात. पहिल्या वीस-तीस मीटरमध्ये टायर दुप्पट जाड दिसायला लागला. मातीत ज्वारीच्या धसकटांचे तुकडे मिसळले, ती फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, कमानीत गच्च बसली, आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. सायकल ढकलली तर चाक न फिरता घसरत येत होतं. काडीने उकरून काढलं, पाच पावलांत पुन्हा तेच. बांधावर एक म्हातारे बाबा बसले होते. म्हणाले, "कुठं चाललाव ह्या रानातनं? अजून वाफसा नाय आला. बैल घालत नाय आमी, तुमी सायकल घालताव व्हय?"

मग त्यांनी मूठभर माती उचलली, लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. लाडू थप्पकन पडून चपटा झाला. "हे असं झालं की घरी बसायचं. फुटून इस्कटला की समजायचं वाफसा."

वाफसा म्हणजे मातीत ना जास्त पाणी ना कोरडेपणा, कणांच्या मधे ओल आणि हवा दोन्ही खेळती. पेरणीला, कोळपणीला शेतकरी याचीच वाट बघतो. टायरलाही हीच अवस्था हवी असते. इंग्रजीत सायकलवाले अशा जमिनीचं फार कौतुक करतात. आपल्याकडे तिच्यासाठी शब्द आधीपासून आहे. मुरमात वाफसा काही तासांत येतो, काळ्या रानात मोठ्या पावसानंतर चार-सहा दिवसही लागतात. तेव्हापासून मी काळ्या पाणंदीत शिरायच्या आधी लाडू टाकून बघतो. चपटा झाला तर सायकल वळवून माळाकडे.

यात फक्त आपल्या सोयीचा प्रश्न नाही. ओल्या काळ्या वाटेत चाकाने पडलेली चाकोरी वाळली की दगडासारखी होते, आणि पुढच्या पावसापर्यंत त्या वाटेने जाणाऱ्या बायामाणसांचे पाय त्यात मुरगळतात. माळावरही पायवाट सोडू नये. टिटवी, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालतात, आणि ती खड्यांसारखीच दिसतात. नान्नजला तर माळढोकचं अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत सायकल घेऊन मनमानी फिरायचं नाही.

काटे

पाऊस ओसरला की सराटा पिकतो. त्याचं फळ वाळलं की पाच तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतो. शिवाय बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे काटे. मी एका सकाळी घरी येऊन मागच्या टायरमधून चिमट्याने अकरा सराटे उपसले आहेत. कितीही जाड रबर घ्या, ठोकळ्यांच्या मधल्या जागेत ते पातळच असतं, आणि काटा तिथंच शिरतो.

म्हणून आपल्याकडे ट्यूबलेस ही चैन नाही. त्यात टायरच्या आत लॅटेक्सचं पातळ दुधासारखं सीलंट असतं. काटा शिरला की हवेबरोबर ते भोकात येतं आणि गोठून बसतं. चिमटायला ट्यूबच नसल्याने हवाही कमी ठेवता येते. यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेस-रेडी हवेत, ते लिहिलेलं असतं. नसतील तर ट्यूबमध्येही सीलंट भरता येतं, फक्त व्हॉल्व्हची आतली पिन निघणारी हवी. बाटलीवर सीलंट तीन-चार महिने टिकतं असं लिहिलं असलं तरी आपल्या उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांनीच उघडून बघावं. माझं मे महिन्यात वाळून पापुद्रा झालं होतं.

मापाचं थोडक्यात. टायरवर ५७-६२२ असा आकडा असतो: ५७ मिलिमीटर रुंदी आणि ६२२ मिलिमीटर रिमवर बसणारा व्यास. ६२२ म्हणजे २९ इंची, ५८४ म्हणजे २७.५ आणि ५५९ म्हणजे २६. हा दुसरा आकडा तंतोतंत जुळायला हवा. रुंदीत मोकळीक आहे, पण रिम बघा: आतून १९-२१ मिलिमीटर असेल तर २.२५ इंच रुंदीच्या पुढे जाऊ नका, २५ ते ३० असेल तर २.४ पर्यंत छान बसतो. फ्रेम आणि टायर यांच्यात दोन्ही बाजूंना निदान सहा-सात मिलिमीटर जागा राहिली पाहिजे, नाहीतर ओल्या मुरमातले खडे रंग आणि धातू दोन्ही घासून काढतात.

सध्या माझ्या सायकलला पुढे २.३५ चा निळ्या रेघेचा नॉबी निक आहे आणि मागे बुटक्या ठोकळ्यांचा, ६० टीपीआयचा २.२५. पुढे २१, मागे २४ पीएसआय. परतीचा पाऊस संपला, सराटा वाळायला लागला की दोन्ही टायर उघडून ताजं सीलंट भरायचं आहे.